ऑस्टियम म्हणजे दार

हैदराबाद, जानेवारी १९४६

प्रिय राजूअक्का,

हे पत्र ग्यानबाकाकांकडून वाचून घेऊ नकोस. सुट्टीत मी कोळशानं गिरवून घेतलेली अक्षरं तुला येतात. हळूहळू का होईना, तूच वाच. पुढं जे लिहायचं आहे ते कुणा पुरुषाच्या तोंडून तुझ्या कानावर जायला नको.

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाहून मी सुखरूप पोचले, पण त्या दिवसाचं तुला सांगायचं राहिलं. शेतात पंगतीला सणाची भज्जी वाढताना अक्कम्मा आत्यानं विचारलं, “राजू कामून आली न्हाई गं?” मी म्हणाले, “ताप आलाय.” “व्हय, दरसाली येळवशीलाच बरा ताप येतोय तिला!” बाया हसल्या. मी मान खाली घालून वाढतच राहिले. तू तेव्हा घरी, गोठ्यालगतच्या छपरीत पोत्यावर बसलेली. ते पोतं कशासाठी, उजाडायच्या आत तू ओढ्यावर काय धुतेस, दाजींनी तुला माहेरी का आणून सोडलं, हे मला ठाऊक होतं. बाळ अडलं, गेलं, आणि तेव्हापासून तुझं लुगडं कोरडं राहिलं नाही. घरात या गोष्टीला आपण नावच दिलं नाही. तू आपण होऊन चुलीपासून दूर सरकलीस, आणि आम्ही सरकू दिलं.

इथं दवाखान्यातल्या आमच्या वर्गात परवा डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर एक शब्द लिहिला, ऑस्टियम. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ दार, आणि तो निघाला तोंड या अर्थाच्या शब्दातून. काळजातून रक्त बाहेर पडतं ते दार, नाकामागच्या पोकळीचं दार, गर्भाशयाचं दार, सगळ्यांना तोच शब्द. स्टोमा म्हणून दुसरा आहे, ग्रीक, त्याचा अर्थही तोंडच. ज्वारीच्या पानाला डोळ्यांना न दिसणारी बारीक तोंडं असतात, त्यांनाही तेच म्हणतात. बाई हे सगळं भाजीची नावं घ्यावीत तसं बोलत होत्या आणि माझे कान तापले होते. आपल्या मारुतीच्या देवळात शरीराला नऊ दारांची नगरी म्हणत आप्पा मोठ्यानं टाळ वाजवतात; घरात त्यातल्या एकाचं नाव निघत नाही.

मग त्यांनी तिसरा शब्द लिहिला, फिस्टुला. म्हणजे नळी. हे देवानं केलेलं दार नव्हे. बाळ फार वेळ अडलं की त्याच्या डोक्याच्या दाबानं मधला नाजूक पडदा मरतो आणि लघवीच्या पिशवीला नको तिथं वाट पडते. बांध फुटावा तसं. अक्का, त्यात तुझं पाप नाही, कुणाची नजर नाही, सटवाईचा कोप नाही.

वर्ग सुटल्यावर मी विचारलं, हे बरं होतं का? बाई म्हणाल्या, शिवता येतं. कधी पहिल्यांदा टिकत नाही, पुन्हा शिवावं लागतं. मग त्यांनी विचारलं, “कोण आहे?” मी म्हणाले, “आमच्या गावातली एक बाई.” त्या म्हणाल्या, “अशा बायांसोबत कुणी येत नाही. जवळ घरचं माणूस लागेल. तिचं कोण आहे?” मी वही उचलून बाहेर पडले. पुस्तकातली सगळी नावं पाठ असलेली मी, आणि तुझं नातं मला सांगता आलं नाही.

आज सकाळी परत गेले आणि सांगितलं, ती माझी सख्खी थोरली बहीण आहे, तिच्याजवळ मी राहीन. बाईंनी खाट धरून ठेवली आहे, म्हणून हे पत्र. आप्पांना वेगळं लिहिलंय, खरं तेच लिहिलंय. ते तुला बिदरहून रेल्वेनं घेऊन येतील. डब्यात लुगडं भिजलं तर भिजू दे, बाया नाक मुरडतील तर मुरडू देत. मी फलाटावर उभी असेन आणि टांग्यात तुला चिकटून बसेन. कुणी विचारलंच ही कोण, तर या वेळी उत्तर मी देईन.

तुझीच धाकटी,
सुमन