काचेच्या कपाटातला माणूस

४ ऑक्टोबर, एर्लांगेन
काल पोचले. स्टेशनवर मुलगा आणि सून, गौरांग-सुरुची, दोघंही आले होते. घर फार छान आहे. वरचा मजला आपला, खाली घरमालकीण फ्राऊ लिंडेमान एकट्या राहतात. अंगणात सफरचंदं गळून पडलीत, कुणी उचलत नाही. मी टोपलीभर उचलली, साखरांबा करीन. नात मुक्ता हिला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. आजी आली, बरं वाटलं का, विचारलं तर म्हणाली गेनाऊ! म्हणजे अगदी, असं सुरुचीनं सांगितलं.
खिडकीत यजमानांचा फोटो ठेवला, पुढे पाण्याचा काचेचा पेला. शेवटी डॉक्टरांनी ह्यांचं पाणी बंद केलं होतं. तहानलेलेच गेले. तेव्हापासून रोज ठेवते.

९ ऑक्टोबर
सकाळी पेला रिकामा. हीटरमुळे आटलं असेल म्हणून पुन्हा भरला. भाजी चिरून आले तर पुन्हा रिकामा, आणि काठावर ओठांचा ओला ठसा. घाबरायला हवं होतं. मी मात्र बसून रडले. उशिरा का होईना, हे आले आणि पाणी प्यायले. कुणाला बोलले नाही. पेल्याशेजारी तांब्याही भरून ठेवला.

१५ ऑक्टोबर
फ्राऊ लिंडेमाननी कॉफीला बोलावलं. सुरुची मला मराठीत सांगत होती. काचेच्या कपाटात शहामृगाचं अंडं, एक चाबूक, एक लाकडी पेटी. त्यांच्या आजोबांचा आफ्रिकेत, आताच्या नामिबियात, मोठा मळा होता. तिथं म्हणे काहीच नव्हतं, आजोबांनी विहीर खणली तेव्हा कुठे माणसं राहायला लागली. मळा अजून चुलतभावाकडे आहे. कुंपणाला मोटारीनं फेरी मारायची तर अख्खी सकाळ जाते. मी विचारलं, मग त्या जमिनीवर आधी कोण होतं? सुरुचीनं तो प्रश्न पुढे सांगितलाच नाही. पेटीत काय, एवढं विचारलं. बाई म्हणाल्या, डोकं, आणि केकची बशी पुढे केली. तिथल्या हेरेरो जमातीच्या कुणा माणसाचं. तेव्हा सगळेच आणायचे हो, अभ्यासासाठी.
गौरांगला सांगितलं. तो म्हणाला, आई, किती वणवण करून ही वोनुंग, ही भाड्याची जागा मिळालीय. खाली कुणाच्या कपाटात काय आहे ते आपण नाही बघायचं.

२१ ऑक्टोबर
मी सातवी शिकलेली, पण वाचायची सवय जुनी. मुक्ताच्या टॅबवर इंग्रजीतून सावकाश वाचलं, अडलं तिथं सुरुचीला विचारलं. १९०४ साल. जर्मन फौजेनं हेरेरोंना वाळवंटात हाकललं आणि पाण्याच्या जागांवर पहारे बसवले. माणसं, गुरं तहानेनं मेली. जमिनी गोऱ्यांना वाटल्या. आजही बहुतेक मोठे मळे गोऱ्यांकडेच, आणि ज्यांची जमीन ते कुंपणाबाहेर. छावणीत कैदी बायकांना मेलेल्यांची डोकी काचेच्या तुकड्यांनी खरवडून साफ करायला लावत. आपल्याच माणसांची. मग ती पेट्यांत भरून इकडे पाठवत.
वाचून उठले. तांब्याही रिकामा होता. ह्यांनी जन्मात एवढं पाणी प्यायलं नाही.

२६ ऑक्टोबर
ती एक बाई आहे. दुपारी सगळे बाहेर असताना पाहिली. फोटोपुढे उकिडवी बसून ओंजळीनं पीत होती. सगळ्या बोटांवर काचेनं कापल्यासारख्या जखमा. पाणी संपल्यावर तिनं खाली बोट दाखवलं, कपाट आहे तिथं.
म्हणजे हे आलेच नव्हते. मूर्ख मी.
पण तिला तिचा माणूस हवाय. ते मला कुणी सांगायला नको.

३० ऑक्टोबर
सुरुचीला गळ घालून फ्राऊंना विचारायला लावलं, पेटी परत का नाही पाठवत. कोणाचं डोकं ते कुणाला ठाऊक, पाठवायचं कुणाला, म्हणाल्या. वर हसून, आजीबाईंना एवढा कळवळा आहे तर कपाट पुसून द्या म्हणावं, मी कोलोनला बहिणीकडे चाललेय. गौरांग म्हणाला, दे ना पुसून, खूश राहतील. किल्ली माझ्याकडे आली.
ठरलं. तिचा माणूस तिच्या हातात देणार. हे घर गेलं तरी चालेल.

२ नोव्हेंबर
पेला फुटला. एक तुकडा सापडत नाही. दिवसभर खर्र, खर्र — भिंतीतून नाही, माझ्याच खोलीतून.
माझी बोटं कापलीत. कशी, ते आठवत नाही. मुक्ता म्हणते, मी भोपळा मांडीवर घेऊन काचेनं सोलत होते. आजी, काय करतेस, असं तिनं मराठीत विचारलं. पहिल्यांदाच मराठीत.

३ नोव्हेंबर
फ्राऊ गेल्या. घरात कुणी नाही. वही घेऊन खाली आलेय. पेटी उघडली. एवढीशी कवटी. कपाळावर शाईनं आकडा.
ती समोर बसलीय. हात पसरून. एकदा पाणी पाजते आणि देते —
ओतलं. खाली सांडलं नाही. हाड पितंय —
गाल भरताहेत. पापण्या — नाक —
हे. हे आहेत —
नाही बाई, तुझा नाही हा. बघ, हनुवटीवरचा व्रण, स्कूटरवरून पडले होते तेव्हाचा —
ती ओढतेय. एकच नाव घेतेय, पुन्हा पुन्हा. तिला तिचाच दिसतोय —
ठरलं होतं. माहीत आहे, ठरलं होतं —
हे माझ्याकडे बघताहेत. पाणी मागताहेत —
सोड. किल्ली माझ्याकडे आहे. मी नाही देणा