बाद होण्याचं कारण

रविवार, २७ एप्रिल

तक्ता पूर्ण झाला. एकशे अडतीस पोरं!

मंगळवारी आमच्या यशोधनची निवड आहे — म्हणजे झाली तर — आणि तोवर हाताला काहीतरी चाळा हवाच. अशा वेळी माझी आई पोथी उघडायची. मी एक्सेल उघडलं. एकोणीस वर्षं टोरोंटोच्या विमा कंपनीत हेच करतेय, कोण किती वर्षं टिकतो ते मोजायचं. फरक इतकाच, की तिथे माणसं मरतात आणि इथे संघातून नाव जातं.

इथला फुटबॉल पायाने नाही, अंगाने खेळतात. वर्षातून एकदा सगळे संघ पाळीपाळीने विद्यापीठांतली पोरं निवडतात, अशा आठ फेऱ्या. मी दहा-बारा वर्षांपूर्वीच्या दोन याद्या घेतल्या आणि एकेकाचं पुढे काय झालं ते शोधलं. पहिल्या फेरीतले बरे टिकतात. शेवटच्या दोन फेऱ्यांतले बहुतेक एकही सामना न खेळता घरी. पण सातव्या फेरीतला एक पठ्ठ्या नऊ वर्षं खेळला, आणि पहिल्या फेरीतला एक दुसऱ्याच वर्षी गायब. नियम बसवायला जावं तर शेंडा ना बुडखा.

शेवटचा रकाना 'कारण'. जुन्या बातम्यांत जिथे तिथे दुखापत. गुडघा, खांदा, पाठ, पुन्हा गुडघा. इतके गुडघे? माझा नाही विश्वास. ऑफिसातही हेच. दारूने गेलेल्या माणसाचं घरचे लोक 'हृदयविकार' लिहून देतात. खोट्या कारणांची मला चीड आहे. सगळा तक्ता नासतो त्याने.

सोमवार, २८ एप्रिल

कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही असं ठरलंय. दृष्ट लागते. मराठी मंडळाच्या आनंदीला तर मुळीच नाही.

मंगळवार, २९ एप्रिल

झाली! आठवी फेरी, अगदी शेवटी. सहाव्या फेरीनंतर यशो बेसमेंटमध्ये निघून गेला होता. सातवी संपली तेव्हा सुधाकर देवापुढे. मी लॅपटॉपपुढे — कुणीतरी बघायला हवं ना! मग पडद्यावर आमचं आडनाव. मी ओरडलेच. यशो तीन-तीन पायऱ्या गाळत वर आला आणि एकशे तीस किलोचं ते पोर बापाच्या गळ्यात पडलं. दोघंही सोफ्यावर कोसळले.

संघ पश्चिमेकडचा आहे. नाव इथेही लिहीत नाही. तसं आता गुपित काही राहिलेलं नाही म्हणा — सुधाकरने पंधराव्या मिनिटाला मंडळाच्या ग्रुपवर टाकलं!

बुधवार, ३० एप्रिल

ओटावाजवळच्या कनाटातल्या कंपनीने यशोला देऊ केलेल्या नोकरीसाठी थांबायला नकार दिला. रुजू व्हायचं तर बारा मेला, नाहीतर दुसरा उमेदवार तयार आहे. संघाचा कॅम्प सात मेला सुरू, तिथे टिकला तरच संघात.

म्हणून त्याला तक्ता दाखवला. नुसताच दाखवला. त्याने आठवी फेरी शोधली. सतरा नावं. बोट खाली खाली नेत गेला.

"सो, टू मेड इट."

"पंधरा नाही टिकले, यशो."

"आई, यू मेड अ डेथ चार्ट!" हसला. मग म्हणाला, "आय नो द ऑड्स. आय स्टिल वाँट टू गो."

जेवायच्या आधी कनाटाला नकार कळवून मोकळा झाला. इंजिनियरिंगची पदवी, हातातली नोकरी, सगळं बाजूला! मला संताप आला. अभिमानही वाटला, खोटं का बोलू. पण संताप जास्त.

शनिवार, ३ मे

कोच डॅरिल येऊन गेले, डोनट्सचा खोका घेऊन. यशोच्या शाळेतले कोच. नववीत हा कँटीनच्या कोपऱ्यात एकटा डबा खायचा, त्याला हाताला धरून मैदानावर नेलं ते यांनीच.

तेही माझ्या तक्त्यात आहेत! परवा पाहिलं तेव्हा मला खरंच वाटेना. आठवी फेरी, सामने शून्य, कारण गुडघा. यशो कपडे बदलायला वर गेला तेव्हा मी विचारलंच, गुडघा आता कसा आहे म्हणून.

"नथिंग राँग विथ माय नी. नेव्हर वॉज." अकरा दिवस होते कॅम्पमध्ये. दुसरा मुलगा यांच्यापेक्षा चांगला होता, यांना सोडलं. आईने मात्र चर्चमध्ये, शेजारी, पेपरवाल्यालासुद्धा गुडघा सांगितला. "शी मेंट वेल. बट मिसेस पी, आय नेव्हर गॉट टू जस्ट से आय लॉस्ट." आईला आपली लाज वाटते, असं कितीतरी वर्षं वाटत राहिलं म्हणे. बोलताना डोनटचे तुकडे करत होते, खात नव्हते.

ते गेल्यावर तक्ता उघडला. गुडघा खोडला आणि 'हरला' लिहिलं. एक तरी ओळ खरी झाली.

बुधवार, ७ मे

विमानतळावर सोडून आलो. पिशवीत तिळाची चटणी आणि पंचवीस दशम्या. दशम्या त्याने ओंटारिओ सोडायच्या आत संपवल्या असतील.

सोमवार, १२ मे

यशोचा मेसेज: "गुड. टायर्ड."

आज तो कनाटात असता. दिवसभर तेच डोक्यात. सुधाकरला म्हटलं तर म्हणाला, "काहून उगाच जीव जाळतेस?"

रविवार, १८ मे

मंडळाचं स्नेहभोजन. वर्षानुवर्षं मी कोपऱ्यात चटण्या वाढणारी, आज वाढायला उभीच राहू देईनात. आनंदी सगळ्यांना ओढून आणत होती. "ही प्रमिला, हिचा मुलगा प्रो आहे!" तिचा स्वतःचा स्वानंद डॉक्टर होतोय, त्याचं नावही निघालं नाही. एकाने यशोची सही मागितली, माझ्याकडे!

"अजून पक्कं नाही हो," मी म्हणत होते. पण हळू आवाजात. लिहायला लाज वाटते, पण लिहिते: मला फार आवडलं. घरी येताना गाडीत मी गात होते, सुधाकरने दोनदा वळून पाहिलं.

शनिवार, २४ मे

सरावाचा सामना, लॅपटॉपवर पाहिला. यशो शेवटी शेवटी आत आला. त्याचं काम म्हणजे चेंडू फेकणाऱ्यापुढे भिंतीसारखं उभं राहायचं, कुणाला आत येऊ द्यायचं नाही. पहिल्या दोन-तीन वेळा उभा राहिला. मग समोरच्या एका दांडग्या पोराने त्याला उताणा पाडला आणि त्याच्यावरूनच आत गेला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

"पाय घसरला त्याचा," सुधाकर म्हणाला.

पाय घसरला नव्हता. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं कळलं.

शनिवार, ३१ मे

सोडलं त्याला.

फोन सकाळी आला. आवाज स्वच्छ होता, रडून झाल्यासारखा. "दे लेट मी गो, आई. नो इंजरी ऑर एनिथिंग. द अदर गाय इज जस्ट बेटर." मी बरं म्हणाले. घरी ये म्हणाले. आणखी काय म्हणणार? सुधाकरने माझ्याकडून फोन घेतला, विमान कधीचं ते विचारलं, मग गॅरेजमध्ये जाऊन धुतलेली गाडी पुन्हा धुवायला लागला.

माझ्या पोराला कुणीतरी नको म्हणालं. पण त्याने कारण सांगितलं ते सरळ, एका दमात. बावीस वर्षांच्या पोराला हे जमतं!

तक्त्यात एकशे एकोणचाळिसावी ओळ घातली. फेरी आठवी, सामने शून्य. कारण: हरला. एका फटक्यात लिहिलं. स्वतःचंच कौतुक वाटलं थोडं.

सोमवार, २ जून

यशो काल आला. आज सकाळी आनंदीचा फोन. "काय गं, परत आला म्हणे?"

"हो ना, घोटा मुरगळला गं त्याचा," मी म्हणाले. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

फोन ठेवून वळले, तर यशो दारात. मराठी बोलत नाही, पण कळतं सगळं त्याला.

"व्हिच अँकल, आई?" त्याने विचारलं. "आय नीड टू नो व्हिच वन टू लिंप ऑन."

चेष्टा करत नव्हता. कोणत्या पायाने लंगडायचं, ते खरंच विचारत होता.