साहेबांना दिलेलं पान

१२ फेब्रुवारी, सोमवार

आदरणीय मास्तर,

नमस्कार. तुम्ही आणि काकू बरे असाल. इकडे लिफ्टच्या तक्रारी मेकॅनिकांना अजून मीच वाटून देते. आठ मजली इमारतीतली जुनी लिफ्ट परवा पुन्हा मधेच अडकली. चौकशी होईपर्यंत तुम्हाला घरी बसवलं, तेव्हापासून नुसत्या आवाजावरून दोष ओळखणारं कोणी उरलं नाही.

तुमचा हात थरथरतो ही चुगली तुमच्या जोडीच्या मेकॅनिकने, आपण ज्याला चष्मा म्हणतो त्याने केली, असं तुम्ही म्हणता, हे कानावर आलं. इथेही सगळ्यांना तसंच वाटतं. त्याच्याशी कोणी बोलत नाही, तो डबाही एकटाच खातो. मीही ते खोडून काढलं नाही.

नव्या साहेबांशी जुळवून घे, असं तुम्हीच बजावलं होतंत. घेतलं. सकाळी फोन सुरू व्हायच्या आत त्यांना गाठायचं, रडगाणं न्यायचं नाही, अडचणीसोबत तोडगा न्यायचा, तोही एका पानात. ते ऐकू लागले. मेकॅनिकांना सुरक्षेचे नवे पट्टे माझ्यामुळेच मिळाले. मग दार लावून विचारू लागले, कोण कसं काम करतंय? तेव्हाच मनात पाल चुकचुकली. पण साहेब आपल्याला विचारतात याचं अप्रूपही वाटलं, खोटं कशाला सांगू?

मास्तर, चुगली चष्म्याची नाही. ते पान माझं. वर लिहिलं होतं, मास्तरांचा हात थरथरतो, त्यांना लिफ्टच्या खड्ड्यात उतरवू नका. खाली लिहिलं होतं, त्यांना नव्या लोकांना शिकवायला ठेवा. तुम्ही पडाल या धास्तीने लिहिलं. पण आधी तुम्हाला विचारलं नाही.

शुक्रवारी तुमची फाइल हातात आली. पान अर्धंच होतं, खालून कात्रीने सरळ कापलेलं. साहेबांना विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "कामाचं तेवढं घेतलं. आता चष्म्याबद्दलही एक पान दे."

तेव्हापासून त्यांनी शाबासकी दिली की वाटतं, आता कोणाचा नंबर? की माझ्याबद्दलही कोणी पान देतंय?

चष्म्याबद्दलचं पान मी दिलं नाही. तुमच्याबद्दलच्या पानाचा कच्चा खर्डा वहीत सापडला, अख्खा. सोबत पाठवते. गुरुवारच्या चौकशीत दाखवा. मीही येईन आणि अक्षर माझंच आहे, असं साहेबांसमोर सांगेन. नोकरीचं व्हायचं ते होईल.

माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. चष्म्याशी मात्र बोला.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
ऑफिसातली पोर