आईचं ‘बस’

१४ ऑक्टोबर, रविवार संध्याकाळ

चि. दांडगोबास,

अनेक आशीर्वाद. चाळिशी गाठलीस तरी मला तू दांडगोबाच, तेव्हा पाकिटावर तुझं नाव आणि आत हे, असंच चालणार. तुझं पत्र मंगळवारी पोचलं. आईची तब्येत बरी आहे. माझे गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांना भीक घालत नाही. जिन्यातल्या भिंतीला पोपडे आले होते, ते परवा खरवडून काढले. घरमालक म्हणाला, काका, आता तरी बसा निवांत. रंगारी निवृत्त झाला म्हणून काय झालं, पोपडा दिसला की नखं शिवशिवतातच.

तू लिहिलंयस की आईच्या वाढदिवसाला येतो, नव्या सूनबाईला घेऊन येतो, पण ‘ती’ त्या दिवशी घरात नको. त्याचं उत्तर देणार आहे. पण आधी बातम्या ऐक. फोनवर तू दोन वाक्यांत ‘बरं बरं’ म्हणून मोकळा होतोस. कागदापुढे ती सोय नाही.

‘ती’ म्हणजे आमची ड्रायव्हरीणबाई. तू तिचं नाव लिहिलं नाहीस, मग मीही लिहीत नाही. तुमचं दोघांचं फाटलं, घटस्फोटाच्या सह्या झाल्या, तू गाव सोडलंस. कोणाचं किती चुकलं ते मी तेव्हा विचारलं नाही आणि आताही विचारणार नाही, दोघांचीही वकिली मला जमायची नाही. ती दर रविवारी इथे येते हे तुला ठाऊक आहे. येऊन काय करते, ते मात्र मी तुला कधी धड सांगितलं नाही. तू विषय बदलतोस, मग मीही बदलतो.

तू दवाखान्यात येऊन गेलास तेव्हा आईला अर्धांगवायूचा झटका येऊन दोनच दिवस झाले होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. आठव, तीच ही बाई, जिच्या दारात शेजारीण पाच मिनिटांसाठी उभी राहिली तर गप्पांच्या नादात त्या शेजारणीचं घरी दूध उतू जायचं. घरी आणल्यावर महिन्याभरानं एक शब्द परत आला. एकच. ‘बस’.

पाणी हवं, बस. दिवा लाव, बस. डॉक्टर विचारतात दुखतंय का, बस. मला वाटायचं ती ‘पुरे’ म्हणतेय. मी घास भरवायचा थांबायचो, ती लालबुंद व्हायची, पुन्हा ‘बस!’, मी ताटली उचलून न्यायचो. उपाशी ठेवली रे मी तिला एक-दोनदा. शेवटी एका रविवारी ड्रायव्हरीणबाई आमचा तमाशा बघत उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, तोंडाकडे नका बघू. हाताकडे बघा.”

खरंच होतं. डावा हात आडवा हलला की पुरे. हात खाली थोपटला की खाली बस, जवळ बस, जाऊ नको. आणि बोट खिडकीकडे गेलं की ड्रायव्हरीणबाईची बस. हिची गाडी आपल्याच रस्त्यावरून जाते ना. कोपऱ्यावर वळताना ती दिवे दोनदा मिचकावते आणि तुझी आई खिडकीत बसून लहान मुलीसारखी ‘बस! बस!’ करते. एवढी अवजड गाडी त्या अरुंद वळणावरून ती अशी काढते की आतल्या म्हाताऱ्यांना दांडी धरावी लागत नाही. मी मुद्दाम बसून पाहिलंय. तिकीट काढून, हो. फुकट नेते म्हणाली तर रागावलो तिच्यावर.

आता मुख्य बातमी. आम्ही घरी तिरामिसू केलं! मी हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कुणी शिंकलं.

झालं असं, की दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलो होतो. आईच्या मांडीवर एक जुनं मासिक होतं आणि ड्रायव्हरीणबाई पानं उलटत होती. वाढदिवसाला काय करू, आई? तर आईनं एका फोटोवर बोट दाबलं. थरांची वडीच म्हण, वर तपकिरी भुकटी. हेच? हात आडवा, ‘बस’. म्हणजे हेच, आता पुढची पानं नकोत. डॉक्टरांनी फोटो बघितला, मऊ आहे, चालेल म्हणाले. घरी येताना ती म्हणाली, “बाबा, इटालियन भाषेत याचा अर्थ आहे, मला वर उचल.” मी म्हटलं, “उचल? म्हणजे आम्ही शनिवारी ठेकेदाराकडे मागायचो ती?” ती तर हसलीच, पण आईसुद्धा हसली. हसू एका बाजूनं वाकडं येतं आता, पण आवाज पूर्वीचाच आहे.

काल दुपारी ड्युटी संपवून ती तशीच आली, युनिफॉर्मवर. हातात थर्मास. डेपोतली कॉफी आणली होती. घरची कॉफी चालणार नाही म्हणाली, ती पाहुण्यांची. डेपोतली म्हणजे अगदी डांबर, पहाटेच्या फेरीला ड्रायव्हर जागे राहावेत म्हणून उकळलेली. ती ताटात ओतून गार करायला ठेवली. गरम कॉफीत बिस्किटं विरघळतात म्हणे.

मग अंड्याचे बलक आणि साखर. खाली पातेल्यात पाणी उकळतंय, त्यावर भांडं, आणि फेट फेट फेटायचं. जरा जास्त तापलं की त्याचं आमलेट. तिनं मला शेजारी उभं केलं. “बाबा, रंग तुम्ही बघा, मला कळत नाही कधी थांबायचं.” आधी पिवळाजर्द, मग लिंबाच्या सालीचा, मग हस्तिदंती. हस्तिदंती म्हणजे जन्मभर मी दिवाणखान्यांना दिलेला रंग, तो मला न कळून कसं चालेल! “थांब!” मी ओरडलो. तिनं तिथल्या तिथे भांडं उतरवलं. वर बघून विचारलंसुद्धा नाही, नक्की का म्हणून. बरं वाटलं रे. आजकाल मला रंग विचारतं कोण?

नंतर त्यात ते मस्कारपोने, घट्ट सायीसारखं एक चीज असतं ते, आणि फेटलेलं क्रीम. हे घोटायचं नाही, खालून वर उलटत न्यायचं. आईला आपण कुशीवर वळवतो ना, तसं, ती म्हणाली. आईला कुशीवर वळवायचं तंत्र मला तिनंच शिकवलंय. दवाखान्यातल्या बाईंकडून ती शिकून आली, उशी कुठे, हात कुठे, सगळं. आईच्या पाठीला आजवर एक जखम नाही. नर्सबाई येते ती दर वेळी विचारते, कोण करतं हो हे?

आता माझा पराक्रम. बिस्किटं लांबट असतात, बोटांसारखी. ती कॉफीत बुडवून ओळीनं मांडायची. एवढं माझ्याकडे दिलं. मी म्हटलं, अगं, बिस्किट बुडवण्यात आमच्या घराण्याचा हात कोणी धरणार नाही! आठवतं, आपण दोघं चहात बिस्किट धरून बसायचो, कोणाचं जास्त वेळ टिकतं? तुझं नेहमी कपात पडायचं आणि तू चमचा घेऊन तळ ढवळत बसायचास. मी त्याच हिशेबानं बुडवलं. उचललं तर हातात नुसतं शेपूट. दुसरं, तेच. तिसऱ्याचा चिखल झाला. आई खुर्चीतून हात आडवा हलवत, “बस! बस! बस!”

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, द्या इकडे, तुम्हाला नाही जमायचं. हिनं चमचा घेतला, ताटातला चिखल थोडा आईला भरवला, थोडा आपण खाल्ला, आणि मग विचारलं, “बाबा, ब्रश रंगात किती बुडवता?”

“टोकापुरता. मुळापर्यंत बुडवला तर ओघळ येतात.”

“मग?”

झालं, एवढंच. पुढचं एकही बिस्किट मोडलं नाही. या कुशीवर टेकव, त्या कुशीवर टेकव, उचल, मांड. बिस्किटांचा एक हात, क्रीमचा एक हात, परत बिस्किटांचा दुसरा हात. मी क्रीम दाबून गुळगुळीत करायला लागलो तर म्हणाली, “बाबा, हा गिलावा नाही, जरा हलक्या हातानं.” आणि मग रात्रभर फ्रीजमध्ये. आईला वाटलं लगेच मिळणार, ती फ्रीजच्या दाराकडे बघत रुसून बसली. मी तिला समजावलं, पहिला हात वाळल्याशिवाय घाई केली तर भिंतीचं काय होतं ते तुला माहीत आहे.

आज सकाळी वर कोको चाळला. ते काम आईचं. डाव्या हातात गाळणी दिली, ड्रायव्हरीणबाईनं फक्त मनगटाखाली हात धरला. आई झटकत राहिली. एका कोपऱ्यात कोकोचा ढीग झाला, तरी कोणी तिला थांबवलं नाही. तिनंच मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाली, “बस.” पुरे म्हणजे पुरेच, अगदी बरोबर जागी. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. खाल्लं तर काय सांगू तुला. कडू आहे, गोड आहे, जिभेवर ठेवलं की विरघळतं. आईनं दोनदा घेतलं. जाड कोकोचा कोपरा मी खाल्ला आणि ठसका लागून कपडे तपकिरी करून घेतले.

खाऊन झाल्यावर मी सहज विचारलं, वाढदिवस पुढच्या रविवारी, मग आजच का केलंस? म्हणाली, त्या दिवशी ड्युटी आहे. म्हटलं, रविवारी तर तुझी सुट्टी. तर म्हणाली, बदलून घेतली. आणि बशा विसळायला लागली.

दांडगोबा, मंगळवारी तुझं पत्र आलं तेव्हा मी ते आईला मोठ्यानं वाचून दाखवत होतो. सगळं. ‘ती घरात नको’ हेसुद्धा. त्याच वेळी ती आईची औषधं द्यायला आली होती. दार लोटलेलंच असतं. ती दारात बूट काढत होती. मला नंतर औषधांची पिशवी बाहेर कडीला अडकवलेली मिळाली, मी म्हटलं घाई असेल. बूट पुन्हा घालून परत गेली होती ती, हे आज कळलं.

आज मी खोदून विचारलं तेव्हा बोलली. पाठमोरीच. “बाबा, आई खिडकीत बसून काय फक्त माझी बस बघतात का? येऊ दे त्याला. मी काय, दर रविवारी आहेच.”

खोटं कशाला लिहू, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं चला, आपल्याला नाही म्हणावं लागत नाही, पोरगा येतोय, तीही राजी आहे, सगळं आपोआप जुळलं. मी गप्प बसलो. तिनं हात पुसले, पर्स खांद्याला लावली, आईला म्हणाली, येते हं.

आईनं तिची बाही धरली. “बस.”

“आई, जायला हवं.”

“बस.” बाही सोडून हात खाली. शेजारच्या खुर्चीवर थोपटलं, एकदा, दोनदा, आणि मग माझ्याकडे बघितलं. ती नजर तुला ठाऊक आहे. लहानपणी तू माझ्या डब्यातला रंग सांडलास आणि मी हात उगारला, तेव्हा तिनं माझ्याकडे तसंच बघितलं होतं. मला लाज वाटली रे. एक शब्द उरलाय त्या बाईकडे आणि तो तिनं बरोबर जागी खर्च केला. माझ्याकडे अख्खी भाषा असून मी मिठाची गुळणी धरून बसलो होतो.

ड्रायव्हरीणबाई बसली. पर्स खांद्यालाच, तशीच. मग रडली. मग तिघांनी चहा घेतला.

तर तुझं उत्तर. अट मान्य नाही. पुढच्या रविवारी ती या घरात असणार, ड्युटी परत बदलून घ्यायला मी तिला आजच सांगितलंय. आणि तूही यायचंस. येऊ नकोस असं लिहायला माझा हात धजत नाही, दांडगोबा, मला तू फार हवा आहेस. नव्या सूनबाईलाही आण. तिचा काही दोष नाही, तिला अवघडल्यासारखं होईल हे मला कळतं, पण थोडं अवघडून माणूस मरत नाही. खुर्च्या चारच आहेत. मी माझ्या रंगकामाच्या घोडीवर बसेन, जन्म गेला तिच्यावर. तिरामिसू पुन्हा करणार आहोत आणि बिस्किटं मीच बुडवणार.

आणखी एक. गेल्या वेळी तुझा फोन आला, मी आईच्या कानाला लावला. ती ‘बस’ म्हणाली. तू म्हणालास, “बरं आई, दमलीस का, ठेवतो.” ती पुन्हा म्हणाली, बस. तोवर तू ठेवला होतास. तुझी चूक नाही, फोनवर हात दिसत नाही. पण मी समोर होतो, मला दिसत होता. तो आडवा नव्हता. ती पलंगावर स्वतःच्या शेजारी थोपटत होती.

वाट बघतो.

तुझे आणि तिचेही,
बाबा