सात नंबरचा सीझन

१४ नोव्हेंबर २०१६
आले एकदाची सिंगापूरला. विमानतळावर जाई स्वतः घ्यायला आली होती. आमची ओळख फक्त फोनवरची. पुण्यातल्या एका मैत्रिणीने तिला माझं नाव सांगितलं, तिने ते तिच्या मॅडमच्या कानावर घातलं, आणि महिन्याभरात माझा नोकरीचा पास आला. सेम्बावांगला अकराव्या मजल्यावर तिचा भाड्याचा फ्लॅट आहे. त्यातली एक खोली आता माझी. घरी पोचलो तर वरणभात तयार होता. खूप दिवसांनी इतकं हलकं वाटतंय.

१७ नोव्हेंबर
ऑफिस नोव्हेनाला, स्टेशनसमोर. आम्ही पाच जणी आणि मॅडम, म्हणजे मिसेस कोह. बर्फ न पाहिलेल्या माणसांना बर्फात पाठवायचं, हा धंदा. माझं काम म्हणजे सीझनचा तक्ता सांभाळणं: कुठला स्की रिसॉर्ट कधी उघडणार, कधी बंद होणार. न्यूझीलंडचे ऑक्टोबरात मिटले, जपानात होक्काइडोचे आता उघडतील. बर्फ कमी-जास्त झाला की तारखा हलतात. रिसॉर्टची मेल आली की मी तक्ता बदलते, आणि तक्ता म्हणतो तसं सगळं ऑफिस हलतं. नावं कठीण म्हणून आम्ही त्यांना नंबरांनीच ओळखतो. मला बर्फ म्हणजे फ्रीजमधला तेवढाच माहीत.

११ डिसेंबर
सात नंबर उघडला. डोंगरावरचा छोटासा रिसॉर्ट, वर दोन खोल्यांचं लॉज, तिथे जायला खुर्च्यांची लिफ्ट. जाईने त्यांच्याशी जपानीत बोलून सगळ्यांसाठी फोटो मागवले. बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीतले मोठमोठे ग्राहक फोन करतात ते तिलाच विचारतात. तक्ता मी करते, आभार तिचे मानतात.

८ जानेवारी २०१७
जाईचा मित्र अमेय आला होता पोहे खायला. इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करतो. पोहे मी केले. तो तीन तास तिच्याशी बोलला. जाताना मला म्हणाला, पोहे मस्त झाले होते, काकू.
मी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान आहे.

२० फेब्रुवारी
मिसेस कोहनी जाहीर केलं: एप्रिलमध्ये एकीला सात नंबरला पाठवणार, लॉजमध्ये एक रात्र राहून यायचं, म्हणजे पुढच्या वर्षी कुटुंबांना तिथे नेता येईल. जाई जाणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, तळवे लाल होईपर्यंत. संध्याकाळी तिने मला मिठी मारली. तिने माझं कधी काही वाईट केलं असतं, तर बरं झालं असतं. रागावायला कारण तरी मिळालं असतं.

२७ मार्च
सकाळी सात नंबरची मेल आली. यंदा बर्फ लवकर उतरतोय. लिफ्ट आणि लॉज नऊ एप्रिलऐवजी पाचच्या संध्याकाळीच बंद. पाचची रात्र लॉजमध्ये कुणाला राहता येणार नाही, तरी पाहुण्यांना कृपया कळवावं.
जाईचं बुकिंग पाच तारखेचंच आहे.
मेल दोनदा वाचली आणि पुसून टाकली. तक्त्यात नऊच राहू दिलं. जाऊ दे. बंद दारासमोर बॅग घेऊन उभी राहील, एकदा तरी तिची फजिती होईल. मग पुढच्या वेळी मिसेस कोह मला विचारतील.

५ एप्रिल
दुपारी चार चाळीसला टेबलावरचा फोन वाजला. तिचाच नंबर. मला वाटलं, आता रडत असेल. वाजू दिला. अकरा वेळा वाजला.

८ एप्रिल
सापडली. लॉजच्या मागे, भिंतीला टेकून, गोठलेली. लिफ्टच्या शेवटच्या खुर्चीतून ती एकटीच वर गेली होती. लिफ्टवाल्याला वाटलं, फोटो काढून पायवाटेने उतरेल. लॉजला कुलूप. मग धुकं आलं.
मिसेस कोहनी विचारलं, बंद होण्याची मेल आली होती का. मी म्हटलं, नाही.

१९ एप्रिल
मिसेस कोहनी मान्य केलं, की जाईनेच निघण्याआधी फोन करून खात्री करायला हवी होती. तरी तिचा मोठा फोटो ऑफिसच्या भिंतीवर लावला. रोज ताजी फुलं. अमेयने दाढी वाढवलीये. पंधरा दिवस मी सगळ्यांना चहा करून देते आहे, माझी विचारपूस कुणी केली नाही.
मेल्यावरसुद्धा सगळं तिचंच.

४ मे
तिचं काम मला मिळालं. ग्राहक विचारतात, ती दुसरी मुलगी नाही का?

२४ मे
सात नंबरची मेल. 'एक पाहुणी अजून वर आहे, त्यामुळे यंदाचा सीझन बंद करता आलेला नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व.'
कुणाची चेष्टा असेल म्हणून फोन लावला. एका म्हाताऱ्याने तुटक इंग्रजीत सांगितलं, की तो फक्त पाइप बघायला येतो. एप्रिलपासून तिथे कुणी नाही, कॉम्प्युटर खोक्यात बांधून ठेवलेत.

२९ मे
पुन्हा मेल. 'दुसरी पाहुणी आली की बंद करू.' खाली नाव. माझं. पासपोर्टवर आहे तसं, वडिलांच्या नावासकट.
पुसली. परत आली. तक्त्यात सात नंबरसमोर 'चालू' असं आपोआप येतं. मी काढते, ते येतं.

३ जून
आज सांगून टाकायचं ठरवलं. जाईच्या आईला, सुरेखाकाकूंना, ठाण्याला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलायला लागल्या. म्हणाल्या, "तुझं फार करायची गं ती. मॅडमशी भांडली होती, मला नको, विभाला पाठवा म्हणून. विभाने बर्फ पाहिला नाहीये, म्हणाली. मॅडमनी ऐकलं नाही."
रडू यायला हवं होतं. आलं ते भलतंच: इथेही हीच चांगली. माझ्यासाठी भांडली, आणि मला सांगितलंसुद्धा नाही.
काही न सांगता फोन ठेवला.

४ जून
खोलीत गार आहे. एसी बंद. बाहेर बत्तीस.
पांघरुणावर ओल. बोटाने उचलली तर पाणी नाही, कण.

७ जून
ऑफिसला गेले नाही. श्वास दिसतो. खिडक्या उघडल्या तरी गरम हवा आत येत नाही, खिडकीतूनच परत जाते जणू.
न्यूझीलंडचे उघडायला लागलेत. तक्ता कोण बघत असेल—

९ जून
अमेयला बोलावलं. आला, दारात उभा राहिला, म्हणाला, घाम फुटलाय, पंखा तरी लाव. मी शाल घेऊन थरथरत होते. त्याने माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. तिच्या खोलीकडे पाहत होता.
मेल: 'शेवटची लिफ्ट परवा.'

११ जून
बोटं वाकत नाहीत. अक्षर वाईट—
दार उघडं ठेवलंय, शेजारच्या बाई आल्या-गेल्या तर—कुणी नाही.
आमच्या मजल्यावर लिफ्ट आली. घंटी ऐकली. लिफ्टचं दार उघडलं. आतून पांढरं धुकं जमिनीवरून सरकत इथपर्यंत—
दार पुन्हा बंद व्हायला हवं होतं. झालं नाही. आतून हात येतो, दार अडवतो. सोडत नाही.
रागावलेली नाहीये ती. हाक मारते. विभा, चल, थांबले आहे मी—
किती वेळ थांबेल, किती चांगली आहे, अजूनही माझ्यासाठी दार धरून—
मी उठत नाही. मी उठत नाही आहे. पाय