राखणेची बाटली आणि माझी बोटं

मी, महिपत विठू मेस्त्री, वय चोपन्न, राहणार मांडवी, रत्नागिरी, कोणाकडे न शिकता स्वतःच्या हातांनी केलेलं आधी नोंदवतो: अकरा होड्या, राहत्या घराचे सगळे दरवाजे, मुलगी दिशाचा पाळणा, आणि बोटं वाकल्यावर एक पाट, जो डगमगत होता. बिघाड सांध्यांत आहे, डोक्यात नाही. हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाशिवाय लिहितो.

१. घर पत्नी सावित्रीला, तिच्यामागे दिशाला.

२. वाकस, रंधे, पटाश्या ही माझी सगळी हत्यारं दिशाला. "पोरगी होडी बांधणार काय?" असं भाऊ काशीराम म्हणाला. तो पाट दिशानेच सरळ केला, हे त्याने ध्यानात घ्यावं.

३. दारूबाबत. दिशाचीही बोटं हल्ली सकाळी आखडतात, म्हणून तिला लेखी सूचना ठेवायची होती. ती जमत नाही. काशीरामलाही माझ्यासारखाच आमवात. त्याने कधी दारूचा थेंब घेतला नाही, तरी त्याचे सांधे माझ्याआधी झिजले. मी रोज थोडी घेत होतो, तेव्हाच्या एक्स-रेत झीज किरकोळ. गोळी सुरू झाली, लिव्हरसाठी दारू सोडली, आणि पुढच्या एक्स-रेत झीज वाढलेली. डॉक्टर म्हणाले, "थोडी घेणाऱ्यांत झीज कमी दिसते कधीकधी. पण ती दारूमुळेच, असं सांगता येत नाही. तुमच्या गोळीबरोबर मात्र नकोच."

"मग हात गेले कशाने?"

"आजाराने, मेस्त्री."

हे उत्तर मला कुठल्याच मापात बसवता आलं नाही.

त्यात सावित्रीने माझी दारू सुटावी म्हणून राखणदाराला, गाव राखणाऱ्या देवाला, नवस केला होता. दरसाल त्याला राखणेचा मान द्यायचा तो बाटलीचाच, आणि प्रसादाचा घोट मलाच. "ह्यो देवाचा, ह्यो मोजायचा नाय," ती म्हणते. डॉक्टर म्हणतात, तोही दारूतच मोजायचा.

तेव्हा दिशाने माझ्या हातांवरून काही ठरवू नये, काशीरामच्याही नाही. बोटं नुसती आखडतात, वाकत नाहीत, तोवरच डॉक्टर गाठावा. एवढंच मला ठामपणे लिहिता येतं.

सही (अंगठा नव्हे): महिपत विठू मेस्त्री
साक्षीदार: धोंडू (शेजारी); मुसा (अकराव्या होडीचे मालक)
मांडवी, १४ मार्च २००९

ता. क. हे वाचून मुसा म्हणाला, "महिपतभाय, परमिट रूमवाल्याचं पण लिव, नायतर तुझ्यामागं तो पोरीकडं येल." म्हणून लिहितो, आणि खाली पुन्हा सह्या घेतो. त्या परमिट रूमवाल्याला माझी हत्यारं आपल्या बारच्या भिंतीवर शोभेला टांगायला हवी होती. मी नाही म्हटलं. देत होता रोख पस्तीस हजार, आणि मी जगेन तोवर रोज एक पेग.