सतरा दाखले

बिश्केक, ११ फेब्रुवारी २०२१

ती. बुरुल एजे हिस,
धाकट्या बहिणीचा, जाझगुलचा सलाम वि. वि.

ओमुर ड्रायव्हरने तुझी पिशवी परवा पोचती केली. सुक्या दह्याचे कुरूत, लोणी आणि पत्र, तिन्ही मिळालं. लोण्याला त्याच्या गाडीतल्या पेट्रोलचा वास लागला होता, पण खाल्लं. फोनवर दोन वाक्यांत तुला दम लागतो म्हणून तू लिहितेस, हे ठाऊक आहे. तरी तुझं अक्षर पाहिलं की बरं वाटतं. डॉक्टर असून वाचता येईल असं लिहिणारी माझ्या माहितीत तू एकटीच.

गेल्या जुलैतल्या साथीत आरोग्यखात्याने काय केलं आणि काय नाही, हे तपासायला संसदेने समिती नेमली आहे. तिच्या बैठकांचं लघुलेखन आमच्या विभागाकडे आलंय. दिवसाला सहा तास टंकते. खासदार विचारतात, अधिकारी म्हणतात की सगळं नियमाप्रमाणे झालं. संध्याकाळी चहाचा पेला धरवत नाही, इतकी बोटं दुखतात.

आज तुमच्या जिल्ह्याचे आरोग्य संचालक आले होते. बैठक खुली होती, पत्रकारही होते, म्हणून लिहिते आहे. समितीच्या अध्यक्षबाईंनी त्यांना विचारलं, की जुलैत एकट्या आक-सेंगिर तालुक्यात एकेचाळीस माणसं गेली, त्यांतल्या एकाच्याही दाखल्यावर साथीचं नाव नाही, हे कसं. ते म्हणाले, की खात्याच्या सूचना स्पष्ट होत्या, तालुक्याच्या तेव्हाच्या प्रमुख डॉक्टर राकिया सापारोवना यांनी त्यांचा चुकीचा अर्थ लावला. त्या आता हयात नाहीत, त्यामुळे जास्त बोलणं योग्य नाही. आणि जास्त बोलले नाहीत.

राकियाबाईंचं नाव मीच टंकलं. तू नोकरीला लागलीस तेव्हा पहिली तीन वर्षं घरी आलीस की त्यांच्या नावाने बोटं मोडायचीस, आणि चौथ्या वर्षी कोणी त्यांना नावं ठेवली तर भांडायला उठायचीस. एजे, खरं काय झालं होतं? तू तिथे होतीस. समितीपुढे येऊन सांगावंस असं मला वाटतं.

खोकल्याचं औषध घेतेस की दुसऱ्यांनाच देतेस, ते लिही. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
जाझगुल

आक-सेंगिर, २० फेब्रुवारी २०२१

चि. जाझगुल हिस अ. उ. आ.

पत्र पोचलं. संचालकांचं बोलणं इथे रेडिओवरही लागलं. दवाखान्यातल्या स्वयंपाकिणीने आवाज बारीक केला आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

विचारलंस म्हणून सांगते. जुलैच्या तीन तारखेला जिल्ह्याहून फोन आला. मी राकियाबाईंच्या खोलीत इंजेक्शनं मोजत होते. पलीकडचं मला ऐकू आलं नाही. बाई तेवढ्या म्हणाल्या, की हे लेखी पाठवा. थोडं ऐकलं, पुन्हा म्हणाल्या, की लेखी पाठवा. तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा आवाज चढला होता. मग फोन ठेवून खिडकीशी उभ्या राहिल्या. आम्हा पाच डॉक्टरांना बोलावून सांगितलं, की ज्याच्या चाचणीचा निकाल आलेला नाही त्याच्या दाखल्यावर नुसता न्यूमोनिया लिहायचा, कागद मागून येतोय. निकाल शहरातून यायला आठ दिवस लागायचे. माणसं आठ दिवस थांबत नव्हती. आणि तो कागद कधीच आला नाही.

तेव्हा संचालक म्हणाले ते खोटं आहे, पण बाईंनी सांगितलं हेही खरं, आणि आम्ही लिहिलं हेही खरं. माझ्या हातचे सतरा आहेत.

मी येणार नाही. दवाखान्यात आता आम्ही दोघंच डॉक्टर उरलोय. जिना चढताना मध्ये टेकावं लागतं. बोलल्याने गेलेली माणसं परत येत नाहीत, आणि मला आता कशाशीच भांडायचं नाही, झोपायचंय.

बाईंचे यजमान, काचकिन आबा, दर गुरुवारी दवाखान्यात पाव आणून द्यायचे. साथीत सुरू केलं ते चालू ठेवलं होतं. या गुरुवारी आले नाहीत. दुकानात कोणी बाई त्यांना म्हणाली म्हणे, की तुमच्या बायकोने आमचे मेलेले लपवले.

थंडीत टोपी घालत जा. केस विस्कटले तर विस्कटले, लग्न जमायचं तेव्हा जमेल. आठवण ठेव, मी ठेवतेच.

तुझी एजे,
बुरुल

बिश्केक, २ मार्च २०२१

ती. एजे हिस सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस काही केलं नाही. मग आमच्या विभागप्रमुखांकडे गेले आणि सांगितलं, की माझी सख्खी बहीण त्या रुग्णालयात डॉक्टर आहे, मी या समितीत बसणं बरोबर दिसणार नाही. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, की ही गोष्ट मी त्यांना अजिबात सांगितली नसती तर त्यांचा आठवडा सोपा गेला असता. तरी दुसऱ्याच दिवशी मला बदललं. आता मी मेंढ्यांच्या लसीकरणावरची चर्चा टंकते. तिथले खासदार बरेच जास्त जाणकार आहेत.

आधी तू ये म्हणाले होते. आता म्हणते, येऊ नकोस. जे साक्षीला आले त्यांतल्या एका डॉक्टरला दुसऱ्याच आठवड्यात दूरच्या खाणीवरच्या दवाखान्यात पाठवलं, एकीच्या परवान्याची चौकशी लागली. आई गेल्यावर मला तू एकटीच आहेस. राकियाबाई गेल्या, त्यांना आता काही लागत नाही. तुला हवा लागते, औषध लागतं, नोकरी लागते. माझं हे लिहिणं चांगलं नाही, कळतंय मला, पण भीती वाटते ती वाटते.

ओमुरबरोबर सफरचंदाचा मुरांबा आणि छाती शेकायची रबरी पिशवी पाठवतेय. दोन्ही तुझ्यासाठी आहेत, वॉर्डासाठी नाहीत. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र पाठव.

जाझगुल

आक-सेंगिर, २४ मार्च २०२१

चि. जाझगुल हिस अ. उ. आ.

नूरूझचा सण झाला. दवाखान्याच्या अंगणात बायकांनी गव्हाच्या मोडांचा सुमोलोक शिजवला, मला ढवळू दिलं नाही, बाकावर बसवून पांघरूण घातलं. मी चाळिशीची आहे हे त्यांना सांगून पाहिलं.

त्याच दुपारी काचकिन आबा आले. डोक्याला चांगला कलपाक, हातात पाकीट. जुलैत बाईंचा मृत्यूचा दाखला मी त्यांना ज्या पाकिटात दिला होता तेच, अजून चिकटवलेलं. म्हणाले, की मी हे उघडलं नाही, उघडून काय करायचं होतं. पण आता लोक तिला खोटारडी म्हणतात, तर तिच्या स्वतःच्या कागदावर तरी खरं आहे ना, एवढं तू वाचून दाखव.

जाझगुल, तो दाखला माझ्याच हातचा. सतरांतला बारावा. एकवीस जुलैला सकाळी बाईंनी तोंडावरचा प्राणवायूचा मास्क बाजूला करून मला बजावलं होतं, की माझंही तसंच लिही; बाकी घरांना एक आणि स्वतःच्या डॉक्टरणीला दुसरं, असं नको. दुपारी त्या गेल्या. मी तसंच लिहिलं.

मी आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, की न्यूमोनिया तर सर्दीतूनही होतो. मी म्हटलं, हो. ते म्हणाले, की मग ती सर्दीने गेली का. मी बाईंनी काय सांगितलं होतं ते सांगितलं. ते टोपी हातात फिरवत म्हणाले, की तिने सांगितलं म्हणून तू लिहिलंस, त्यांनी सांगितलं म्हणून तिने लिहायला लावलं, आणि त्यांना विचारलं तर ते तिचं नाव सांगतात. माझ्यावर ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी समितीकडे साक्षीचा अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला आहे. तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं. मला फार धीर आलाय असं समजू नकोस. झोप लागत नाही एवढंच, आणि या वयात न झोपता काम होत नाही.

मुरांबा अर्धा वॉर्डात गेला. बाकी माझा. जीव लावतेस तसाच लावत राहा.

बुरुल

बिश्केक, ६ एप्रिल २०२१

ती. एजे हिस सलाम वि. वि.

तुझा अर्ज समितीपुढे आला आणि मंजूर झाला, हे मला जिन्यात एका सहकाऱ्याकडून कळलं. पंधरा तारखेला सकाळी दहा वाजता. मी भांडले असते, पण पत्राने भांडायला चार दिवस लागतात आणि तोवर राग उतरतो.

आदल्या दिवशी ये. रोजे सुरू झालेले असतील, पण तुला माफ आहेत, मुकाट्याने खायचंस. सभागृहात हीटर असून नसल्यासारखे, तेव्हा लोकरी शाल आण. ते काळे बूट आणू नकोस. त्या बुटांत तू लाच देऊन सुटलेल्या कैद्यासारखी दिसतेस. माझे घाल.

मला आत बसता येणार नाही. बाहेरच्या बाकावर असेन.

जाझगुल

बिश्केक, २२ एप्रिल २०२१

ती. एजे हिस सलाम वि. वि.

त्या दिवशी तू बाहेर आलीस, एवढंच म्हणालीस की झालं, आणि घरी येऊन चौदा तास झोपलीस. मग उठून अंडी खाल्लीस आणि ओमुरच्या गाडीत बसून गेलीस. मी काही विचारलं नाही. काल बैठकीचा वृत्तांत सगळ्यांसाठी खुला झाला, तेव्हा इतरांसारखाच मी वाचला. माझ्या जागी बसणारीने कंसात अकरा वेळा लिहिलंय, की साक्षीदार थांबतात. खोकलीस असं तिने एकदाही लिहिलं नाही. तिचे आभार मानले.

एका खासदारांनी विचारलं, की फोनवर पलीकडे कोण होतं ते तुम्ही ऐकलंत का. तू नाही म्हणालीस. मग कोणाचा आदेश होता ते तुम्हाला माहीत नाही, असं ते म्हणाले. तू म्हणालीस, माहीत नाही. बाईंनी तीनदा लेखी मागितलं एवढंच माहीत आहे, आणि स्वतःच्या मनाने ठरवणारं माणूस कोणाकडे लेखी मागत नाही. तिथे वृत्तांतात शांतता अशी नोंद आहे. चौदा वर्षांत मी ती नोंद तीनदा केली असेल.

मग त्यांनी विचारलं, की चूक वाटत होतं तर तुम्ही लिहिलंत का. तुझं उत्तर मी इतकं वाचलंय की पाठ झालंय. तू म्हणालीस, की दाखल्याशिवाय दफन होत नाही, उन्हाळा होता, माणसं दाराशी उभी होती, आणि मी तीन दिवस झोपले नव्हते. पण हात माझा होता. एकेचाळिसांतले सतरा माझे आहेत. ते मेलेल्या बाईंच्या नावावर घालू नका, माझ्या नावावर घाला.

अध्यक्षबाईंनी बाकीच्या चार डॉक्टरांची नावं विचारली, ती तू दिली नाहीस. म्हणालीस, की त्यांचं ते सांगतील.

मी बाहेरच्या बाकावर बसून तुझे बूट सांभाळत होते आणि आत तू हे बोलत होतीस. तुला नको म्हणाले होते त्याची लाज वाटते. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा नकोच म्हणेन, हेही खरंय.

तिकडे काय झालं ते लपवू नकोस. तुझ्या मायेची सवय मोडू देऊ नकोस.

जाझगुल

आक-सेंगिर, १२ जून २०२१

चि. जाझगुल हिस अ. उ. आ.

फार दिवसांनी लिहिते. लपवण्यासारखं काही नाही, सांगण्यासारखंही थोडंच आहे.

समितीचा अहवाल आला तो तूही वाचला असशील. दोनशे पानांत आमचा तालुका दीड पानात. बाईंचं नाव काढलं आहे. त्या जागी लिहिलंय, की तोंडी सूचनांचा उगम निश्चित करता आला नाही. संचालकांची बदली झाली, दुसऱ्या जिल्ह्यात, त्याच पदावर. मला खात्याची ताकीद आली. ही मात्र लेखी आली. नोकरीवरून काढलं नाही. मला काढलं तर दवाखान्यात एकच डॉक्टर उरतो आणि तो दातांचा आहे. बाकीच्यांपैकी एकीने पत्र पाठवून तिच्या हातचे नऊ कळवले. तिघं गप्प आहेत. मी त्यांना काही म्हणत नाही.

अहवालात एक ओळ उपयोगाची आहे. घरच्यांनी तीस दिवसांत अर्ज केला तर दाखला दुरुस्त करून द्यायचा. पहिला अर्ज काचकिन आबांचा आला. मी त्यांच्यासमोरच लिहिला. कारणाच्या रकान्यात साथीचं नाव, खाली सही, शिक्का. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, माझं स्पेलिंगसुद्धा तपासलं असावं. मग घडी घालून आतल्या खिशात ठेवला आणि उठले नाहीत.

मी चहा ओतला. तो निवल्यावर त्यांनी विचारलं, की शेवटी ती काय म्हणाली. त्यांना तेव्हा आत सोडलं नव्हतं, फाटकाशी उभे होते. अकरा महिन्यांत त्यांनी हे मला विचारलं नव्हतं, आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं. कारण सांगण्यासारखं मोठं काही नव्हतं. बाईंनी विचारलं होतं, की उद्या ड्युटीला कोण आहे. मी म्हटलं, मी. त्या म्हणाल्या, की मग आता जाऊन तासभर पड. मी पडले नाही, आणि तासाभरात त्या गेल्या.

आबा हसले. म्हणाले, की मलाही सदतीस वर्षं तिने हेच सांगितलं, कधी जाऊन पड, कधी ऊठ. मग चेहरा कलपाकात घालून रडले. मी दार लावून घेतलं आणि बाहेर पेशंटना सांगितलं, की थांबावं लागेल. नंतर त्यांनी दुसरा पेला मागितला.

आतापर्यंत माझ्या सतरांपैकी चौघं आले. दोन घरांनी निरोप पाठवला, की आता कशाला उकरायचं. उरलेली अकरा घरं मेंढ्या घेऊन जायलूच्या उन्हाळी कुरणांवर गेली आहेत, आणि मुदत एकोणतीस तारखेला संपते. तिथे वर फोन लागत नाही. तेव्हा पुढच्या शनिवारी रुग्णवाहिका नेईल तिथवर आणि पुढे घोड्यावर, असं ठरवलंय. कोरे अर्ज आणि शिक्का बरोबर घेतेय. आबा घोडा धरायला येतो म्हणाले. बहात्तराव्या वर्षी कोण कोणाला धरणार ते दिसेलच.

वर हवा विरळ आहे, हे तू लिहिण्याआधी मला माहीत आहे. हळू जाईन. ज्याला अर्ज करायचा नाही त्याने नाही म्हणावं, पण मी त्याच्या दाराशी गेलेली असेन.

तुझी रबरी पिशवी बरोबर नेतेय. परत आले की सविस्तर लिहीन. तोवर काळजी थोडी कर, प्रेम होतं तेवढंच ठेव.

तुझी एजे,
बुरुल